गाव सोडून नवी मुंबईत आलात? रेशन कार्ड लगेच बदलायला जाऊ नका, आधी हे करा

घणसोलीत आमचं झेरॉक्सचं दुकान आहे, म्हणजे नावाला झेरॉक्स, बाकी सगळं काम ऑनलाइन फॉर्मचं. होळी झाली की बीड, जालना, परभणीकडची माणसं यायला लागतात, कुणी बिगारी कामाला, कुणी बिल्डिंगच्या वॉचमनकीला, आणि सगळ्यांच्या हातात तीच साडीच्या दुकानाची प्लास्टिकची पिशवी, आत आधार, पासबुक, मधोमध फाटलेलं रेशन कार्ड. आणि पहिलं वाक्य पण तेच, "दादा, गावचं कार्ड कटाप करून इथलं काढून द्या."

मी म्हणतो थांबा. कारण हे मी एकदा करून दिलंय आणि अजून त्याची लाज वाटते. जालन्याकडचं एक कुटुंब होतं, पाच माणसं, मी उत्साहाच्या भरात गावाकडून नाव कमी करायचा अर्ज करून दिला, तिकडनं नावं गेली आणि इकडचं कार्ड काही महिने लटकलं, मधेच आजीचं ऑपरेशन निघालं आणि सरकारी उपचार योजनेत बसवायला हातात कार्डच नाही. आता दुकानात पाय ठेवल्या ठेवल्या मी आधी पुढचं सगळं विचारतो.

सगळ्यात आधी बघायचं की तुमच्या कार्डावर धान्य येतं का. पिवळं-केशरी बघून काही कळत नाही. अंत्योदय असेल तर कुटुंबाला महिन्याला ३५ किलो, प्राधान्य कुटुंब असेल तर माणशी ५ किलो, आणि हे जानेवारी २०२३ पासून फुकट आहे. पण केशरी कार्ड असून धान्याच्या यादीत नाव नाही अशी पण भरपूर घरं आहेत. मराठवाड्याचे आठही जिल्हे, अमरावती विभाग आणि वर्धा मिळून जे १४ जिल्हे आहेत तिथल्या केशरीवाल्या शेतकऱ्यांना तर २०२३ पासून धान्याऐवजी खात्यात पैसे सुरू झाले, मग असं कार्ड घेऊन इथल्या दुकानात कितीही भांडलात तरी दुकानातलं अंगठ्याचं मशीन धान्य दाखवणारच नाही, त्यात दुकानदाराची चूक नाही. मोबाईलवर मेरा राशन ॲप टाका, आधारने लॉगिन करा, कुठल्या योजनेत आहात, किती धान्य, कुणाची केवायसी (म्हणजे आधारवरून ओळख पटवणं) बाकी सगळं दिसतं. कार्डाचा १२ आकडी नंबर पण तिथेच मिळतो, तो कागदावर लिहून पाकिटात ठेवा.

धान्य येत असेल तर कार्ड बदलायची गरजच नाही. वन नेशन वन रेशन कार्ड ऑगस्ट २०१९ ला सुरू झालं तेव्हा पहिल्या चार राज्यात आपला महाराष्ट्र होता (गुजरातबरोबर जोडी होती), २०२२ पर्यंत सगळा देश आला. म्हणजे बीडच्या कार्डावर तुर्भ्यात, ऐरोलीत, दिघ्यात कुठल्याही रेशन दुकानात धान्य मिळतं, आणि यूपी-बिहारच्या कार्डावर पण मिळतं. सगळं धान्य एकाच ठिकाणी उचलायची सक्ती नाही, तुम्ही तिघं इथे आणि म्हातारा-म्हातारी गावाला असतील तर इथे तुमच्या वाटचं उचला, उरलेलं ते तिकडे उचलतील. फक्त फोन करून आधी ठरवून घ्या, नाहीतर एकाने सगळं उचललं की दुसरा दुकानात जाऊन शिव्या खातो.

दुकानात गेल्यावर "तुमचं कार्ड इथलं नाय" हे ऐकावं लागणार, तयारीने जा. शांतपणे म्हणायचं, कार्ड इथलं नाहीच आहे, हा १२ आकडी नंबर मशीनमध्ये टाका. नंबर टाकला, अंगठा लागला की पावती येते, पावतीवर जेवढं लिहिलंय तेवढंच धान्य घ्या आणि पावती टाकून देऊ नका. महिन्याच्या शेवटी जाऊ नका, दुकानदाराचा माल संपत आलेला असतो आणि बाहेरच्या कार्डवाल्यालाच आधी परत पाठवतात. सरळ नाहीच म्हणाला तर रेशनच्या हेल्पलाइनला, १४४४५ किंवा १९६७ ला, तिथेच उभं राहून फोन लावा, माझा अनुभव असा की फोन लावायला घेतला की अर्ध्या वेळा मशीन चालायला लागतं.

खरी अडचण अंगठ्याची. परवाच एक ताई आल्या, आठ वर्षं ऊसतोड आणि आता इथे सिमेंटचं काम, बोटांवर रेषाच राहिल्या नाहीत. "उमटंनाच बघा भाऊ, दुकानदार म्हणतो तुमचा अंगठा खोटा आहे." मी त्यांना साबणाने हात धुवून, कोरडे करून, थोडं खोबरेल चोळून पुसून परत ट्राय करायला लावलं, उजवा नाही तर डावा, अंगठा नाही तर मधलं बोट, अनामिकेवर लागलं. नाहीच लागलं तर घरातला कार्डावर नाव असलेला दुसरा कुणीही जाऊन अंगठा देऊ शकतो. ई-केवायसी मात्र प्रत्येकाची वेगळी लागते, ती राज्यातल्या कुठल्याही रेशन दुकानात होते, त्यासाठी एसटीचं तिकीट काढून गावाला जायची गरज नाही, आणि बोटं अगदीच गेली असतील तर मेरा ई-केवायसी ॲपवर चेहरा दाखवून होते. त्याला आधारशी जोडलेला मोबाईल नंबर चालू पाहिजे, ओटीपी त्यावर येतो. नंबर बंद पडला असेल तर बाकी सगळं सोडून पहिले आधार सेंटरला जा, पुढच्या प्रत्येक कामात तो ओटीपी लागणारच आहे.

मग इथलं कार्ड काढायचंच नाही का? काढायचं, पण गावाकडे कुणी उरलं नसेल आणि इथे टिकणार हे नक्की असेल तर. पण एक गोष्ट कुणी सांगत नाही. शहरात प्राधान्य कुटुंबात बसायला वर्षाचं उत्पन्न ५९ हजाराच्या आत लागतं, खेड्यात ४४ हजार. ५९ हजार म्हणजे महिन्याला पाच हजार पण नाही, इथे खोलीचं भाडं त्याच्या पुढे जातं, हा आकडा कुणी ठरवला देव जाणे. वर राज्याला लाभार्थ्यांचा ठरलेला इष्टांक आहे, म्हणजे जास्तीत जास्त किती माणसांना धान्य द्यायचं तो आकडा, सुमारे ७ कोटी, जागा रिकामी नसेल तर नवीन कार्ड मिळतं पण धान्य लागत नाही. म्हणजे गावचं धान्यवालं कार्ड घालवून इथलं बिनधान्याचं कार्ड घेतलं असं होऊ शकतं. म्हणून अर्ज द्यायच्या आधी ऑफिसात एकच प्रश्न विचारा, धान्य चालू होईल का? आणि ऑफिस कुठलं ते पण बघून जा, बेलापूरपासून दिघ्यापर्यंत शिधावाटप कार्यालय, पण खारघर, कामोठे, कळंबोलीवाले रायगड जिल्ह्यात येतात, त्यांना पनवेल तहसीलचा पुरवठा विभाग. खारघरचे लोक वाशीला रांग लावून दुपारी माझ्याकडे तोंड पाडून येतात.

दवाखान्याचं सोपं झालंय. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत आता सगळ्या रंगाची कार्डं चालतात, पांढरं पण, वर्षाला कुटुंबामागे ५ लाखापर्यंत, आणि कार्ड राज्यातल्या कुठल्याही जिल्ह्याचं असलं तरी चालतं. योजनेतल्या हॉस्पिटलात आरोग्यमित्र बसलेला असतो, ॲडमिट व्हायच्या आधी त्याला गाठायचं, बिल झाल्यावर नाही. कुठलं हॉस्पिटल योजनेत आहे ते १५५३८८ वर विचारा.

पोरांची शाळा तर वाट बघण्यासारखी गोष्टच नाही. ६ ते १४ वयाच्या मुलाला आधीची शाळा सोडल्याचा दाखला नाही, जन्माचा पुरावा नाही म्हणून शाळा प्रवेश अडवू शकत नाही, २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यातच आहे. महापालिकेच्या शाळेत वर्षाच्या मधे पण घेतात, दाखल्याची रिक्वेस्ट नवीन शाळाच जुन्या शाळेला ऑनलाइन टाकते, आठवीपर्यंत दुपारचं जेवण आहे. लहान बाळ किंवा घरात गरोदर बाई असेल तर जवळच्या अंगणवाडीत नाव घाला, गावचं लसीकरणाचं कार्ड सोबत न्या.

बांधकामावर असाल तर कामगार कल्याण मंडळाची नोंदणी, वय १८ ते ६०, मागच्या वर्षभरात ९० दिवस काम केल्याचं प्रमाणपत्र. फी १ रुपया आहे, एक, म्हणजे नाक्यावर जो दोन हजार मागतो तो दोन हजार खिशात घालतो. पहिली ते सातवीच्या मुलाला वर्षाला २,५०० रुपये, आठवी ते दहावीला ५,०००, बाळंतपणाला वेगळे पैसे. अडतं ते ९० दिवसावर, कारण नाक्यावरच्या माणसाला रोज नवा ठेकेदार. म्हणून आजपासून एक दहा रुपयांची वही करा, तारीख, साइट कुठली, ठेकेदाराचं नाव आणि मोबाईल. आठवडा संपला की जमलं तर त्याची सही घ्या. तीन महिन्यांनी सही मागायला गेलात की तो ओळख दाखवत नाही, पगार वाटायच्या दिवशी मात्र पटकन करतो.

लाडकी बहीणचे पैसे आधार ज्या खात्याला जोडलंय तिथेच येतात, गाव सोडल्याने काही फरक पडत नाही. निराधार योजनेला मात्र १५ वर्षं महाराष्ट्रात राहिल्याचा पुरावा मागतात, त्यामुळे दुसऱ्या राज्यातनं नुकत्याच आलेल्यांनी त्याचा फॉर्म भरून घ्यायला पैसे घालवू नका, मी तर भरतच नाही.