खातंय म्हणजे मानवतंय असं नाही: जमिनीवरचं कासव आणि मांस

मराठीत जमिनीवरचंही कासव आणि पाण्यातलंही कासवच. कानडीतही दोघांना ‘आमे’च म्हणतात. खाण्यातल्या बऱ्याच चुका इथूनच सुरू होतात. काचेच्या टाकीतल्या रेड-इअर्ड स्लायडरला, म्हणजे पाण्यातल्या पाळीव कासवाला, मासळी, किडे लागतात, त्याच्या पिल्लांना तर जास्तच. ते बघून परड्यातल्या सल्काटापुढेही (हे आफ्रिकेतलं, गवत खाणारं जमिनीवरचं कासव) कुणीतरी मूठभर सुकट टाकतं आणि सल्काटा ती चवीनं खातो. म्हणून आधी आपलं कासव कोणतं ते ओळखा. बोटांमध्ये पडदे आणि चपटी पाठ असेल तर ते पाण्यातलं. हत्तीसारखे खांबासारखे पाय आणि घुमटासारखी पाठ असेल तर जमिनीवरचं. इथे लिहिलंय ते या दुसऱ्यासाठी.

कायद्याचं आधीच सांगून टाकतो. पाठीवर चांदण्यांची नक्षी असलेलं स्टार कासव आणि तळ्या-नदीतलं मऊ पाठीचं कासव ही दोन्ही वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची 1 मध्ये आहेत. शेतात सापडलं, लहान होतं म्हणून घरी आणलं, तरी तो गुन्हाच. वन खात्याला कळवा. सल्काटा, रेडफूट (दक्षिण अमेरिकेतलं जमिनीवरचं कासव) अशा परदेशी जातींची नोंद 2024 च्या नियमांनुसार केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर करावी लागते.

गवत खाणारा प्राणी मांसाला तोंड का लावतो? त्याच्या मूळ मुलखात पाऊस बेभरवशाचा आणि चारा महिनोन्‌महिने वाळलेला. तिथे जे समोर येईल ते सोडायचं नाही, हीच जगायची रीत. आफ्रिकेतली लेपर्ड कासवं हाडं चघळतात, तरसाची विष्ठाही खातात, कारण तिच्यात हाडांचा चुना असतो. सेशेल्समधल्या फ्रिगेट बेटावर 2020 साली एका अल्डाब्रा जातीच्या कासवानं समुद्रपक्ष्याचं पिल्लू पाठलाग करून मारलं आणि गिळलं. त्याचं चित्रीकरणही झालं. पण रानात असा घास क्वचित मिळतो. परड्यात तो रोज मिळू शकतो, आणि अपाय होतो तो त्यामुळेच.

या कासवाचं मोठं आतडं म्हणजे चारा सावकाश आंबवणारी टाकी. तिथले जंतू चाऱ्यातल्या धाग्यांवर जगतात. मांस पचलं की त्यातल्या प्रथिनांचं युरिक ॲसिड होतं. अंगात पाणी भरपूर असेल तर ते पांढऱ्या पेस्टसारखं बाहेर पडतं. पाणी कमी असेल तर त्याचे खडे मूत्रपिंडात आणि सांध्यांत साचतात. हाच गाऊट, आणि एकदा साचलेलं सहसा निघत नाही. शिवाय मांसात फॉस्फरस फार आणि कॅल्शियम अगदी थोडं, त्यामुळे वाढत्या पिल्लाची पाठ आणि जबडा मऊ पडतो. पाठीवर मनोरे येतात, म्हणजे कवचाचे खवले टोकदार उंच वाढतात, त्याचं खापर मात्र लोक एकट्या मांसावर फोडतात. 2003 साली सल्काटाच्या पिल्लांवर झालेल्या अभ्यासात प्रथिनांपेक्षा कोरड्या हवेचाच परिणाम जास्त दिसला. म्हणजे मांस बंद करून पिल्लू कोरड्या खोक्यात ठेवलं तर मनोरे येतच राहतील.

बेळगाव-खानापूर भागात यात हवामानाची भर पडते. जून ते सप्टेंबर ऊन नाही, जमीन ओली, आणि डिसेंबर-जानेवारीच्या रात्री गार. अंग गार पडलं की कासवाचं पचन जवळजवळ थांबतं आणि पोटातला घास तिथेच कुजतो. गवत कुजलं तर पोट फुगेल, मांस कुजलं तर त्याहून वाईट. सल्काटासाठी एका कोपऱ्यात दिव्याखाली 35 ते 38 अंश, सावलीत 26 ते 30 आणि रात्री 20 च्या खाली नको. थर्मामीटर कासवाच्या पाठीच्या उंचीवर लावा. भिंतीवर वरती टांगलेला काही कामाचा नाही.

आता परडं कासवाच्या नजरेनं बघा, म्हणजे जमिनीपासून वीतभर उंचीवरून. कुत्र्या-मांजराच्या कोरड्या खाण्याची ताटली सर्वांत आधी उचला. ती चुकून रोजची होते आणि कुणाच्या लक्षात येत नाही. तिला कट्ट्यावर जागा द्या. कोंबड्यांचं खाद्य, कुत्र्याची विष्ठा, मटणाच्या दिवशी परड्यात टाकलेली हाडं, वाळत घातलेला खारा बांगडा, सगळं त्याच्या आवाक्याबाहेर हवं. शिजलेल्या कोंबडीच्या हाडाची टोकदार कपची आतडं फाडू शकते. गोगलगाय स्वतः फारशी अपायकारक नसते, पण तिला मारायला टाकलेल्या गोळ्या विषारी असतात, आणि त्या खाऊन मेलेली गोगलगायही तशीच. औषध खाऊन मेलेल्या उंदराचंही तेच. निपाणीकडे घराजवळ तंबाखू वाळत असेल तर तिथे कुंपण घालाच. निकोटीन थोडंही बाधतं.

कासव हाडं, पांढरे दगड किंवा चुना लावलेली भिंत कुरतडत असेल तर ते सहसा कॅल्शियम मागतंय. त्याच्या पुढ्यात समुद्रफेस ठेवा. काष्ठौषधींच्या दुकानात तो मिळतो. पाठीकडचं कडक कवच सुरीनं काढून टाका आणि मऊ भाग कायम पडू द्या. अंड्याची टरफलं 10 मिनिटं उकळून, वाळवून केलेली पूडही चालते: पिल्लाला आठवड्यातून तीनदा चिमूटभर, पाल्यावर भुरभुरून. पानाचा चुना कधीही देऊ नका, तोंड भाजतं. आणि सकाळचं थेट ऊन किंवा यूव्हीबी ट्यूब (उन्हातले अतिनील किरण देणारा दिवा) नसेल तर दिलेलं कॅल्शियम अंगी लागत नाही. काचेतून आलेलं ऊन यात धरू नका.

रोजच्या ताटात दहातले आठ भाग गवत: हरळी, हत्ती गवत, वाळलेला चारा बारीक कापून. उरलेल्यात जास्वंदीची पानं-फुलं, तुतीचा पाला, काटे काढलेला फड्या निवडुंग. शेवग्याचा पाला थोडाच. ज्वारीचं कोवळं कडवळ टाळा, त्यात सायनाइड तयार होतं. जनावरांनाही ते म्हणूनच घालत नाहीत.

तरीही त्यानं मांस खाल्लंच तर घाबरू नका. एका घासानं कासव मरत नाही. तोंडात असेल तरच काढा, घशात बोट घालू नका, तेल-तूप पाजू नका. कासवाला 30 ते 32 अंशांच्या कोमट पाण्यात 20 मिनिटं बसवा, पाणी हनुवटीच्या खाली राहील इतकंच. असं सलग पाच दिवस करा. या दिवसांत फक्त गवत द्या, ऊब कमी होऊ देऊ नका. पांढरी लघवी टूथपेस्टसारखी असेल तर ठीक, वाळूसारखी खरखरीत लागली तर पाणी कमी पडतंय. सांधे सुजले, कासव कण्हत जोर काढू लागलं, तीन दिवस खाल्लं नाही, किंवा हाड गिळल्याची शंका असेल तर सरपटणाऱ्या प्राण्यांचा अनुभव असलेल्या डॉक्टरांकडे न्या. हाड एक्स-रेत दिसतं. काय खाल्लं, किती आणि केव्हा, हे कागदावर लिहून न्या.

या सगळ्याला रेडफूट हा अपवाद. दक्षिण अमेरिकेतल्या जंगलात तो फळं, अळंबी आणि मेलेले प्राणीही खातो. त्याला दहा-पंधरा दिवसांतून एकदा, त्याच्या डोक्याएवढा उकडलेल्या अंड्याचा किंवा बिनमिठाच्या शिजवलेल्या कोंबडीचा तुकडा द्या, किंवा औषध न मारलेल्या मातीतली गांडुळं. सल्काटा आणि रेडफूट एकाच आवारात असतील तर हा तुकडा रेडफूटला वेगळ्या खोक्यात द्या आणि तो संपेपर्यंत तिथून हलू नका.