३७ एकरांचे रान : मुलांना महाराष्ट्र निसर्ग उद्यानात नेताना

शीव-वांद्रे जोडरस्त्यावर धारावी बस आगारासमोर एक फाटक आहे. बसमधून जाणाऱ्यांना त्यामागची गर्द झाडी रोज दिसते, पण तिच्यात शिरता येते हे अनेकांना ठाऊकच नसते. या फाटकाआड महाराष्ट्र निसर्ग उद्यान आहे : क्षेत्रफळ ३७ एकर, म्हणजे सुमारे १५ हेक्टर. बोरिवलीचे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान शंभर चौरस किलोमीटरांहून मोठे आहे. त्याच्यापुढे हे रान म्हणजे घराचे अंगण. तरीही लहान मुलांना पहिल्यांदा न्यायचे असेल, तर मी अंगणच निवडेन. पाच वर्षांच्या मुलाला जंगलाचा विस्तार कळत नाही, पायाजवळची मुंगी मात्र कळते. आणि तासाभरात त्याचे पाय दुखू लागले, तर अंगणातून दहा मिनिटांत बाहेर पडता येते.

आदल्या संध्याकाळी मुलांना एवढे स्पष्ट सांगून ठेवावे की ही खेळाची बाग नव्हे आणि राणीची बागही नव्हे. तेथे पिंजऱ्यातला वाघ दिसणार नाही. हे न सांगता नेले, तर पहिली वीस मिनिटे ‘प्राणी कुठे आहेत?’ या प्रश्नातच जातात, आणि त्यात चूक मुलाची नसते. ‘काय दिसेल?’ असे विचारल्यास तीन-चार गोष्टींचीच नावे घ्यावीत, तीही खात्रीने भेटणाऱ्या : मुंग्या, फुलपाखरे, कोळ्याचे जाळे, तांबट पक्ष्याचा आवाज. अधिक दिसले तर ती मिळकत. उद्यानाच्या वेळा, प्रवेशशुल्क आणि सुटीचा दिवस निघण्यापूर्वी फोन करून विचारून घ्यावा. शाळेची किंवा सोसायटीची पंधरा-वीस मुले एकत्र नेणार असाल, तर आधी बोलून ठेवणे अधिकच गरजेचे. शीव किंवा माहीम स्थानकावर उतरून बसने अथवा टॅक्सीने धारावी आगार गाठता येते.

वेळ सकाळचीच निवडावी, उद्यान उघडेल तेव्हाची. आम्ही एकदा मे महिन्यात अकरा वाजता तीन वर्षांच्या मुलीला घेऊन असेच एका रानात गेलो होतो. पक्षी सावलीत गप्प बसले होते, मुलगी माझ्या खांद्यावर झोपली होती, आणि तासाभरात आम्ही उसाच्या रसाच्या गाड्यापाशी होतो. तेव्हापासून उन्हाळ्यात उशिरा निघायचे नाही असे ठरवून टाकले आहे. पक्ष्यांसाठी डिसेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. तेव्हा हळद्यासारखे हिवाळी पाहुणे मुंबईत आलेले असतात. फुलपाखरे आणि कोळी पाहायचे असतील, तर पाऊस ओसरत असताना, सप्टेंबर-ऑक्टोबरात जावे. भर पावसात वाटा निसरड्या होतात आणि डास फार असतात, पण रेनकोट घालून चिखलात चालणे हाच ज्या मुलांचा आनंद आहे, त्यांना जुलैतली एक सकाळ द्यायला हरकत नाही.

कपडे पूर्ण बाह्यांचे आणि पूर्ण पायांचे असावेत, रंगाने मातकट किंवा हिरवे. बूट बंद असावेत. डासांचे मलम घरूनच लावून निघावे, म्हणजे ते लावलेले हात लगेच खाऊला लागत नाहीत. पिशवीत पाणी, टोपी, एक वही, पेन्सिल आणि भिंग एवढे पुरे. दुर्बीण असेल तर मोठ्यांनी गळ्यात घालावी, पण सात-आठ वर्षांखालच्या मुलांना तिच्यातून फांदी सापडेपर्यंत पक्षी उडून गेलेला असतो आणि मग मूल रडवेले होते. पाच-दहा रुपयांच्या प्लॅस्टिकच्या भिंगातून दिसणारी मुंगी त्यांना कितीतरी अधिक सुख देते. खाऊ डब्यात न्यावा : केळे, चिक्की, गूळ-तुपाची पोळी. वेष्टनातला खाऊ नेला की त्याचा कागद सांभाळणे हे वेगळे काम होऊन बसते. आत शिरताच सर्वांनी आधी स्वच्छतागृहात जाऊन यावे. हा सल्ला क्षुल्लक वाटतो, पण ऐन भारद्वाज दिसतो त्या क्षणी या वाक्याची आठवण होते.

चालायचे किती आणि थांबायचे कुठे

मोठ्यांची सवय वाट संपवण्याची असते. मुलांबरोबर ती घरीच ठेवून यावी. चार वर्षांच्या मुलाबरोबर पाऊण तासात दोनशे पावले झाली तरी ती सकाळ वाया गेली असे समजू नये. आठ-नऊ वर्षांची मुले दीड-दोन तास टिकतात, पण तीही थांबत थांबत. मी एक साधी पद्धत पाळते. वाटेवर एखादे सावलीचे ठिकाण निवडायचे, सर्वांनी बसायचे आणि शंभर आकडे मनात मोजून होईपर्यंत कोणी बोलायचे नाही. त्यानंतर प्रत्येकाने ऐकलेला एकेक आवाज सांगायचा. पहिल्या फेरीत सगळे ‘गाड्या’ म्हणतात, कारण पलीकडे जोडरस्ता आहे. दुसऱ्या फेरीत कोणीतरी ‘टुक टुक’ ऐकतो. तो तांबट, तांब्याच्या भांड्यावर हातोडी मारल्यासारखा एकसुरी आवाज, म्हणून हे नाव. आवाजाच्या दिशेने मुले वर पाहू लागतात, हिरव्या पानांत हिरवा पक्षी सापडत नाही, आणि सापडत नाही म्हणूनच शोध चालू राहतो. दयाळ, शिंपी, बुलबुल, खंड्या, भारद्वाज यांच्याशी ओळख अशीच एकेकाने होऊ द्यावी. एका फेरीत वीस नावे पाठ करवून घेण्याचा सोस नसावा. तो पालकांच्या मोबाइलमधल्या छायाचित्रांसाठी असतो, मुलांसाठी नव्हे.

पक्ष्यांपेक्षा मुलांच्या उंचीवरचे जग अधिक भरलेले असते. झाडावर पाने एकमेकांना चिकटवून केलेला, पोस्टाच्या गठ्ठ्यासारखा गोळा दिसला, तर ते तांबड्या मुंग्यांचे घर असते. मोठ्या मुंग्या पानांच्या कडा ओढून धरतात, आणि काही मुंग्या आपल्या अळ्या तोंडात धरून त्यांच्याकडून निघणाऱ्या रेशमाने त्या कडा शिवून टाकतात. म्हणजे शिवणारे हात मोठ्यांचे आणि दोरा बाळांचा. हे सांगितल्यावर कुठलेही मूल तेथून पाच मिनिटे हलत नाही. मात्र हात लावू देऊ नये. त्या कडकडून चावतात आणि घराला धक्का लागला की शेकडोंनी बाहेर येतात. पावसाळ्याच्या शेवटी झुडपांमध्ये गोल जाळी दिसतात, त्यांत काही ठिकाणी मधोमध जाड पांढऱ्या रेशमाची फुलीसारखी नक्षी असते. त्या नक्षीवर पाय जोडीजोडीने ठेवून बसलेल्या कोळ्याला ‘सिग्नेचर स्पायडर’ म्हणतात. अशा जाळ्यावर स्प्रेने पाणी मारून छायाचित्र काढणारे लोक पाहिले आहेत. मुलांसमोर तरी ते करू नये.

फुलपाखरांच्या बाबतीत मुलांना फुलांकडे नव्हे, पानांकडे पाहायला शिकवावे. रुईच्या पानांवर ‘प्लेन टायगर’ या फुलपाखराची अळी असते, काळे-पांढरे-पिवळे पट्टे असलेली; रुईचा विषारी चीक पचवून ती स्वतःच बेचव होते, म्हणून तिला लपायची गरज पडत नाही. लिंबू आणि कढीपत्त्याच्या पानांवर ‘कॉमन मॉरमॉन’ची लहान अळी मिळते, ती मात्र हुबेहूब चिमणीच्या विष्ठेसारखी दिसते. एक अळी ‘मला खाऊ नका, मी कडू आहे’ असे ओरडून सांगते आणि दुसरी ‘मी खाण्याची वस्तूच नाही’ असे भासवते. रुईचा चीक डोळ्यांत जाऊ नये यासाठी पान तोडू द्यायचे नाही, एवढी काळजी घ्यावी.

थोड्या मोठ्या मुलांना एक काम देता येते. महाराष्ट्राची मानचिन्हे घरी चित्रांत पाहून यायची आणि येथे शोधायची : राज्यवृक्ष आंबा, राज्यपुष्प ताम्हण, राज्यपक्षी हरियाल, आणि २०१५ मध्ये राज्य फुलपाखरू ठरलेला ‘ब्लू मॉरमॉन’, म्हणजेच नीलवंत. ताम्हणाची जांभळी फुले एप्रिल-मे महिन्यांत येतात. राज्यप्राणी शेकरू येथे भेटणार नाही, त्यासाठी भीमाशंकरला जावे लागेल; पण ‘का भेटणार नाही?’ हा प्रश्नही विचारण्याजोगा आहे.

पायाखालची गोष्ट

या उद्यानाचा इतिहास मी नेहमी परतीच्या वाटेवर सांगते, आधी सांगत नाही. झाडांखाली दोन तास काढून झाल्यावर मुलांना विचारायचे : आपण कशावर उभे आहोत? १९७०च्या दशकापर्यंत या जागेवर मुंबईचा कचरा टाकला जात होता. तो बंद झाल्यावर कचऱ्यावर माती पसरली, झाडे लावली, ती जगवली, आणि १९९४ साली हे उद्यान लोकांसाठी खुले झाले. मुलांचे चेहरे या क्षणी पाहण्यासारखे होतात. ‘मग खाली अजून कचरा आहे?’ आहे. ‘झाडांना वास येत नाही?’ याचे उत्तर मला देता आलेले नाही. पण हातातल्या बिस्किटाच्या कागदाचे पुढे काय होते, याविषयी वेगळे भाषण करावे लागत नाही.

उद्यानाच्या एका बाजूने मिठी नदी वाहते. विहार आणि पवई तलावांकडून निघून ती माहीमच्या खाडीला मिळते. मुंबईतल्या बहुतेक मुलांनी तिला ‘नाला’ या नावानेच ओळखलेले असते, तेव्हा ती नदी आहे हे सांगणे हीच मोठी माहिती ठरते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा हिच्या काठच्या वस्त्यांत किती पाणी चढले होते, हे आजी-आजोबा बरोबर असतील तर त्यांनाच सांगू द्यावे. पुस्तकापेक्षा ते चांगले सांगतात. काठच्या चिखलात तिवरे उभी आहेत. चिखलात हवा नसल्यामुळे तिवराची मुळे पेन्सिलींसारखी वर येऊन श्वास घेतात, आणि खाऱ्या पाण्यातले मीठ झाड पानांवाटे बाहेर टाकते. भिंगातून पानावर मिठाचे कण दिसू शकतात. चाटून पाहायची इच्छा सर्वांनाच होते, पण मिठीच्या पाण्याची अवस्था पाहता ती आवरावी. हे सारे कुंपणाच्या आतून, जेथून दिसेल तेथूनच पाहायचे. काठावर उतरायचे नाही.

सुरक्षिततेचे नियम थोडेच असावेत, पण त्यांत सूट नसावी. वाट सोडायची नाही. जेथे नजर पोचत नाही तेथे हात किंवा पाय घालायचा नाही, म्हणजे पालापाचोळ्याचा ढीग, दगडाची फट, बीळ. कुठलेही फळ, पान वा बी तोंडात घालायचे नाही. घाणेरीची फळे रंगाने मोहक असतात, आणि कच्ची असताना ती विषारी असतात. साप दिसला तर ओरडायचे नाही, काठी शोधायची नाही. जागेवर थांबायचे, मग हळूहळू मागे सरायचे आणि कर्मचाऱ्यांना कळवायचे. दुर्दैवाने दंश झालाच, तर जखम चिरणे, चोखणे, घट्ट दोरी बांधणे यांपैकी काहीही करू नये. मुलाला शांत ठेवावे, तो अवयव हलू देऊ नये आणि थेट रुग्णालय गाठावे. लोकमान्य टिळक महापालिका रुग्णालय शीवलाच आहे. मोबाइलवर पक्ष्याचा आवाज लावून त्याला बोलावणे हेही या नियमांतच धरावे. विणीच्या काळात पक्षी त्या खोट्या प्रतिस्पर्ध्याशी भांडण्यात दमतो आणि घरट्याकडे त्याचे दुर्लक्ष होते.

पिसे, बिया, शंख गोळा करण्याची मुलांची हौस मोडणे सर्वांत कठीण जाते. आमच्याकडे तोडगा असा की उचलायचे, भिंगातून पाहायचे, वहीत काढायचे आणि होते तेथेच ठेवायचे. चित्राखाली तारीख लिहावी. घरी आल्यावर ‘माझी सहल’ असा निबंध लिहायला बसवू नये.

दुसऱ्या भेटीची तारीख मात्र तीन महिन्यांच्या आत ठरवावी, आणि तेव्हा पहिल्यांदा पाहिलेल्या एखाद्याच झाडाकडे आधी जावे. काटेसावरीसारखे पानगळीचे झाड निवडले, तर ऑक्टोबरात हिरवे पाहिलेले झाड फेब्रुवारीत एकही पान नसताना लाल फुलांनी भरलेले दिसते आणि त्यावर मैना, कावळे, बुलबुल यांची रांग लागलेली असते. वहीतले जुने चित्र काढून मुले स्वतःच दोन्ही शेजारी ठेवतात.

मधल्या काळासाठी घराच्या खिडकीत कढीपत्त्याची एक कुंडी ठेवावी. मुंबईत चौथ्या मजल्यावरसुद्धा ‘कॉमन मॉरमॉन’ अंडी घालून जाते, आणि अंड्यापासून फुलपाखरापर्यंतचा प्रवास साधारण महिनाभरात पुरा होतो. फक्त फोडणीसाठी पाने तोडणाऱ्या प्रत्येकाला, विशेषतः घाईत असलेल्या आईला, पानांवर ‘चिमणीची घाण’ दिसल्यास ती पुसू नये, असे कुंडीवर चिठ्ठी लावून कळवावे. चिठ्ठी मुलांनीच लिहावी.