जुना कॉम्प्युटर देण्याआधी हार्ड डिस्कचं काय करायचं?

दिवाळीच्या आधी नौपाड्यातल्या, वाशी-नेरुळमधल्या जुन्या सोसायट्यांत माळे रिकामे व्हायला लागतात आणि रद्दी, डबे, तुटक्या खुर्च्यांबरोबर कॉम्प्युटरही खाली येतो. त्यात १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला, त्यामुळे चांगली चालणारी मशीनही बदलली जाताहेत. भंगारवाला पैसे देतो ते पत्रा आणि तांब्याचे. आतल्या हार्ड डिस्कमुळे त्याच्या भावात फारसा फरक पडत नाही. आपला धोका मात्र सगळा तिथेच असतो. म्हणून माझं मत सरळ आहे: मशीन भंगारात जाणार असेल तर डिस्क काढून घ्या आणि उरलेलं द्या. पुसण्याची मेहनत करायची ती मशीन पुढे कुणी वापरणार असेल तरच.

फाइल डिलीट करून रीसायकल बिन रिकामा केला की काम झालं, असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात मजकूर डिस्कवर तसाच राहतो, फक्त 'ही जागा मोकळी आहे' एवढी नोंद होते. त्या जागेवर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत फुकटात मिळणाऱ्या रिकव्हरी सॉफ्टवेअरनेही तो परत मिळू शकतो. क्विक फॉरमॅटची गोष्टही तीच.

आपल्याकडे काय आहे ते आधी बघा. नुसता डाउनलोड्स फोल्डर उघडलात तरी पुरे: पॅनचं स्कॅन, फॉर्म १६, फ्लॅटचं अॅग्रीमेंट, इंडेक्स टू, मुलांच्या मार्कशीट, पासपोर्टची पानं. ई-आधारच्या पीडीएफला पासवर्ड असतो म्हणून निर्धास्त राहू नका. तो पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं आणि जन्मवर्ष. शेजारीच पॅन कार्डाचं स्कॅन पडलेलं असेल तर त्यावर दोन्ही छापलेलं आहे. आयकर खात्याच्या एआयएसचंही (वर्षभराच्या उत्पन्नाचं आणि व्यवहारांचं विवरण) तसंच, पॅन क्रमांक आणि जन्मतारीख मिळाली की तो उघडतो. म्हणजे एकाच फोल्डरमध्ये कुलूपही आपलं आणि किल्लीही आपलीच.

आधी बॅकअप, मग लॉगआउट

हवं ते बाहेरच्या डिस्कवर घ्या आणि दुसऱ्या कॉम्प्युटरवर चार-पाच फाइली उघडून बघा. मराठी घरांसाठी एक खास सूचना: जुनी पत्रं, लग्नपत्रिका, संस्थेचे अहवाल श्रीलिपी, आकृती किंवा आयएसएमच्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेले असतील तर ते फॉन्टही कॉपी करा, किंवा फाइलींची पीडीएफ करून घ्या. नाहीतर नव्या मशीनवर त्या फाइली उघडतील, पण अक्षरं अगम्य दिसतील. आजोबांनी टाइप केलेल्या आठवणी अशा वाया जाऊ देऊ नका.

नंतर ब्राउझर आणि ईमेलमधून लॉगआउट करा. मोबाइलवर व्हॉट्सअॅपच्या 'लिंक्ड डिव्हायसेस'मधून आणि गुगल खात्याच्या डिव्हाइसच्या यादीतून हे मशीन काढा. ब्राउझरमध्ये पासवर्ड सेव्ह केलेले असतील तर निदान ईमेल आणि बँकेचे बदलून टाका. दुकानाचा कॉम्प्युटर असेल तर टॅलीचं लायसन्स सरेंडर करा. डिजिटल सहीचा टोकन मागच्या यूएसबी पोर्टला लावलेला राहिला नाही ना, डीव्हीडी ड्राइव्हमध्ये डिस्क आणि लॅपटॉपच्या खाचेत मेमरी कार्ड नाही ना, तेही हाताने तपासा.

मशीन चालू आहे आणि कुणाला तरी द्यायचं आहे

विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, सिस्टिम, रिकव्हरी असं जाऊन 'रीसेट धिस पीसी' निवडा. विंडोज १० मध्ये ते 'अपडेट अँड सिक्युरिटी'खाली आहे. 'रिमूव्ह एव्हरीथिंग' घ्या, पण तिथेच थांबू नका. पुढे 'चेंज सेटिंग्ज' येतं. तिथे 'क्लीन डेटा' चालू करा. आणि 'डिलीट फाइल्स फ्रॉम ऑल ड्राइव्ह्ज' हेही चालू करा. हा दुसरा पर्याय आपल्याकडे फार महत्त्वाचा, कारण फोटो आणि कागदपत्रं 'डी ड्राइव्ह'ला ठेवायची सवय घरोघरी आहे आणि तो पर्याय चालू केला नाही तर फक्त विंडोज असलेला ड्राइव्ह पुसला जातो. जुन्या हार्ड डिस्कला यात तासन् तास लागतात. लॅपटॉप चार्जरला लावून ठेवा.

कुणी ३५ वेळा पुसायला सांगेल. तो आकडा पीटर गटमन यांच्या १९९६ सालच्या शोधनिबंधातला, त्या काळच्या डिस्कसाठीचा. आजच्या हार्ड डिस्कला एकदा संपूर्ण पुसणं पुरेसं असतं. एसएसडीचं, म्हणजे तबकडीऐवजी चिप्सवर साठवणाऱ्या डिस्कचं, तंत्र मात्र वेगळं आहे. ती लिखाण चिप्समध्ये सतत फिरवत असते, त्यामुळे वरून पुसताना काही भाग सुटू शकतो. डिस्क बनवणाऱ्या कंपनीचं सॉफ्टवेअर किंवा बायोसमधला (मशीन सुरू होतानाच उघडणाऱ्या सेटिंग्जमधला) 'सिक्युअर इरेज' वापरा. अॅपल सिलिकॉनच्या, म्हणजे अॅपलच्या स्वतःच्या चिपवर चालणाऱ्या, मॅकला सेटिंग्जमधलं 'इरेज ऑल कंटेंट अँड सेटिंग्ज' बास.

मशीन बंद पडलं आहे

बंद मशीन म्हणजे बंद डिस्क नव्हे. मदरबोर्ड किंवा पॉवर सप्लाय गेला तरी डिस्क बहुतेकदा शाबूत असते. डेस्कटॉपची बाजूची झाकणी काढा, दोन वायरी सोडवा, चार स्क्रू काढा की डिस्क हातात येते. लॅपटॉपमध्ये हार्ड डिस्कशिवाय च्युइंगगमच्या पट्टीएवढी एम.२ एसएसडीही असू शकते, तीही शोधा. डिस्क यूएसबी केसिंगमध्ये (यूएसबीने जोडायच्या डबीत) घातली की डेटा वाचता येतो आणि डिस्क चांगली असेल तर बॅकअपसाठी वापरताही येते.

नको असेल तर ड्रिलने तबकडीतून आरपार तीन-चार भोकं पाडा. डोळ्यांवर गॉगल हवाच, कारण लॅपटॉपच्या डिस्कमधली तबकडी अनेकदा काचेची असते. एसएसडीची प्रत्येक काळी चिप फुटली पाहिजे. फ्रिजच्या चुंबकाने काही होत नाही, आणि जाळू तर अजिबात नका, धूर विषारी असतो. लॅपटॉपची बॅटरी फुगलेली असेल तर तिला टोचू-दाबू नका.

उरलेलं कुठे द्यायचं

१ एप्रिल २०२३ पासून ई-कचऱ्याचे नवे नियम लागू आहेत. त्यानुसार हा माल नोंदणीकृत रीसायकलरकडेच जायला हवा. तुम्ही ठाण्यात घोडबंदर रोडला राहत असा नाहीतर खारघरला, सोसायटीने एकत्र गोळा केलं तर गाडी बोलावणं सोपं जातं. त्याच वेळी सोसायटीच्या ऑफिसमधला जुना पीसी आणि सीसीटीव्हीचा डीव्हीआर (रेकॉर्डिंग साठवणारी पेटी) विसरू नका. पीसीवर सभासदांची आणि भाडेकरूंची कागदपत्रं असतात, आणि डीव्हीआरमध्येही हार्ड डिस्क असते. त्या डिस्क रीसायकलरकडेच नष्ट करायला देत असाल तर डेटा नष्ट केल्याचं प्रमाणपत्र मागा. देण्याआधी प्रत्येक डिस्कच्या लेबलचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा, म्हणजे प्रमाणपत्रावरचा सिरियल नंबर ताडून बघता येईल.