ओपन सोर्सविरोधी अहवाल कसा वाचावा

ठाण्यातील एखादी पतसंस्था किंवा ग्रंथालय आपले जुने संगणक लिनक्स या मोफत संगणक प्रणालीवर नेण्याचा विचार करीत असताना, ओपन सोर्स (ज्याचा मूळ कोड सर्वांना खुला असतो असे लिनक्ससारखे सॉफ्टवेअर) धोक्याचे असल्याचे सांगणारा एखाद्या थिंक टँकचा, म्हणजे धोरणविषयक अभ्यास करणाऱ्या संस्थेचा, अहवाल बैठकीत पुढे आला, तर तो न वाचताच बाजूला सारू नये. तो कसा तपासावा, हे केन ब्राऊन यांच्या उदाहरणावरून उत्तम शिकता येते. अमेरिकेतील अलेक्सिस द टॉकव्हिल इन्स्टिट्यूशन या थिंक टँकचे अध्यक्ष असलेल्या ब्राऊन यांनी २००४ मध्ये असा दावा केला की, लिनक्सचे कर्ते मानले जाणारे लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये लिनक्स स्वतः लिहिले असणे शक्य वाटत नाही आणि त्याचे मूळ मिनिक्स या आधीच्या संगणक प्रणालीत असावे.

प्रथम अहवाल काढणाऱ्या संस्थेला पैसा कोण पुरवतो ते पाहावे. ब्राऊन यांच्या संस्थेला आपण अर्थसाहाय्य देतो, हे मायक्रोसॉफ्टने २००२ मध्येच मान्य केले होते. तेवढ्याने निष्कर्ष खोटा ठरत नाही. मात्र पुरावा अधिक काटेकोरपणे मागण्याचा अधिकार वाचकाला मिळतो.

त्यानंतर, ज्यांच्या मुलाखती घेतल्या ते काय म्हणतात हे त्यांच्याच लेखनातून तपासावे, आणि माझ्या मते हीच पायरी सर्वांत मोलाची आहे. ब्राऊन ॲमस्टरडॅमला जाऊन मिनिक्सचे कर्ते अँड्र्यू टॅनेनबॉम यांना भेटले होते. लिनक्सची रचना कालबाह्य असल्याची टीका टॅनेनबॉम यांनी १९९२ मध्येच जाहीरपणे केली होती. तरीही लिनक्स टोरवाल्ड्स यांनीच लिहिले, अशी निःसंदिग्ध ग्वाही त्यांनी दिली. मतभेद असलेल्या जाणकाराची अशी साक्ष मित्राच्या साक्षीपेक्षा वजनदार मानावी. शिवाय ब्राऊन यांच्यासाठी दोन्ही प्रणालींच्या सोर्स कोडची, म्हणजे प्रोग्रामच्या मूळ मजकुराची, तुलना करणाऱ्या प्रोग्रामरलाही नकलेचा पुरावा सापडला नव्हता.

अहवालातील जे आक्षेप या चाळणीतून टिकतील, ते मात्र प्रामाणिकपणे विचारात घ्यावेत. देखभाल कोण करील, कर्मचाऱ्यांना कोण शिकवील आणि प्रिंटर चालेल का, हे प्रश्न खरे आहेत. त्यांसाठी एका जुन्या संगणकावर लिनक्स बसवून महिनाभर मराठी पत्रव्यवहार, पावत्या आणि खतावणीची एक प्रत चालवून पाहावी, आलेल्या अडचणी तारखेनिशी वहीत नोंदवाव्यात आणि ती वही अहवालाबरोबरच संचालक मंडळापुढे ठेवावी.