उवा की कोंडा? आधी नखाने बघा

मुलगी शाळेतून आल्यावर सारखं डोकं खाजवत असेल तर खिडकीपाशी उजेडात बसवा आणि कानामागचे, मानेवरचे केस उचलून बघा. केसाच्या मुळाशी पांढरट दाणा दिसला की नखाने ओढा. सुटून पडला तर बहुतेक कोंडा. केसाला घट्ट चिकटून राहिला तर लीख.

मेडिकलमध्ये १ टक्का परमेथ्रिनचं लोशन मिळतं. धुऊन पुसलेल्या केसांना लावा, १० मिनिटांनी धुवा. लिखा त्याने सगळ्या मरत नाहीत, म्हणून ९ दिवसांनी पुन्हा लावायचंच. हाच दुसरा हात बहुतेक घरांत राहून जातो. मधल्या काळात एक दिवसाआड ओल्या केसांना कंडिशनर लावून बारीक दातांच्या फणीने विंचरा, फणी दर वेळी पांढऱ्या कपड्यावर पुसा. तान्ह्या बाळाला मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही लावू नका.

रॉकेल तर अजिबात नको! चाळीतल्या छोट्या खोलीत गॅस दोन हातांवर असतो, पेट घ्यायला वेळ लागत नाही.

उवा उडत नाहीत, डोक्याला डोकं लागून पसरतात. म्हणून घरातल्या सगळ्यांची डोकी त्याच दिवशी तपासा, आणि पोरीला अस्वच्छ म्हणून बोल लावू नका. उवा धुतलेल्या केसांतही होतात.