डोळे नेमके कुठे भरून आले, हे शोधताना

पडद्यावर दुःख दिसले म्हणून रडू आले, असे आपण सहज म्हणतो; परंतु तितकेच मोठे दुःख दाखवणारे कितीतरी प्रसंग आपण कोरड्या डोळ्यांनी पाहिलेले असतात. भावना कशाने जागी झाली हे शोधायचे असेल, तर ज्या प्रसंगाने आपल्याला हलवले असा एकच प्रसंग निवडावा आणि पूर्ण चित्रपट एकदा मनसोक्त पाहून झाल्यावरच त्याच्याकडे परत यावे. पहिल्या खेपेला वही घेऊन बसू नये, कारण तेव्हा हललोच नाही तर पुढे शोधायला काही उरत नाही.

नागराज मंजुळे यांच्या २०१६ सालच्या ‘सैराट’चा शेवट घेऊ. तो आधी आवाज बंद करून पाहावा. एरवी या युक्तीने पार्श्वसंगीताचा वाटा किती ते लगेच उघडे पडते. इथे मात्र अखेरच्या क्षणांत काहीच बदलत नाही, कारण आवाज दिग्दर्शकानेच आधी काढून घेतलेला आहे. लहान मूल रडत असते आणि ते रडणे आपल्याला ऐकू येत नाही. घरच्यांच्या विरोधात जाऊन लग्न केलेल्या जोडप्याचा मुलीच्या माहेरच्यांनी केलेला खून दाखवलेलाच नाही. घरात आलेले मूल, समोर पडलेले आईबाप आणि मग बाहेर निघालेली लाल पावले एवढेच दिसते. जे घडले त्याचा अर्थ आपल्याला कळतो, त्या मुलाला कळत नाही, आणि त्या अंतरातच पोटात गोळा येतो.

यानंतर मागे मागे जावे. हे काम कंटाळवाणे वाटते, पण खरी मिळकत इथेच आहे. खुनाच्या आधी माहेरहून भेटवस्तू आलेल्या असतात, पाहुण्यांसाठी चहा होतो. म्हणजे समेटाची आशा आपल्या मनात नुकतीच रुजवलेली असते. आणखी मागे गेल्यास अजय-अतुल यांच्या गाण्यांनी भरलेला पूर्वार्ध लागतो. ‘झिंगाट’वर चित्रपटगृहात लोक उठून नाचले होते. कानांना आधी इतकी सवय लावली, म्हणूनच शेवटची शांतता अंगावर येते.

नोंदी करताना भरतमुनींच्या ‘नाट्यशास्त्रा’तले दोन शब्द उपयोगी पडतात, शास्त्र म्हणून दचकण्याचे कारण नाही. भावना उत्पन्न करणारी परिस्थिती म्हणजे विभाव आणि पात्राच्या देहातून ती प्रकटते तो अनुभाव. वहीत दोन रकाने आखून प्रत्येक शॉट त्यांपैकी कुठे बसतो ते लिहावे. एखादा शॉट दोन्हीकडे बसत नसेल, तर त्याच्या शेजारचे शॉट तपासावेत. लेव्ह कुलेशोव या रशियन दिग्दर्शकाने सुमारे शंभर वर्षांपूर्वी एकाच नटाचा निर्विकार चेहरा वेगवेगळ्या दृश्यांना जोडून दाखवला होता. त्या चेहऱ्यावरचा भाव शेजारच्या दृश्यानुसार बदलल्यासारखा वाटतो, हे त्याला दाखवायचे होते.

शेवटी, ज्याने आपल्याला मुळीच हलवले नाही असा एखादा रडका प्रसंगही याच पद्धतीने तपासावा. पुष्कळदा असे आढळते की पात्राचा चेहरा बदलण्याआधीच व्हायोलिने सुरू झालेली असतात.