घरात दोन-तीन कॉम्प्युटर, फाइल मात्र एकच

डेस्कटॉपवर सुरू केलेलं काम लॅपटॉपवर पुढे न्यायचं म्हणून फाइल पेनड्राइव्हवर घेतली किंवा स्वतःलाच ईमेल केली, की आठवडाभरात तिच्या चार प्रती होतात आणि ताजी कोणती ते कळत नाही. यावर उपाय एकच: प्रत्येक गोष्टीची मूळ जागा एक ठरवायची आणि सगळ्या कॉम्प्युटरनी तिथूनच घ्यायचं.

१. आधी आकार बघा, मग सेवा निवडा, म्हणजे इंटरनेटवर फाइली ठेवायची जागा. कामाच्या फोल्डरवर राइट-क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये आकार पाहा. गुगल ड्राइव्हवर १५ जीबी जागा मोफत मिळते, पण त्यातच जीमेल आणि फोटोही मोजले जातात. वनड्राइव्हवर ५ जीबी, ड्रॉपबॉक्सवर २ जीबी. ड्रॉपबॉक्सचं मोफत खातं तीनच उपकरणांना जोडता येतं, आणि त्यात मोबाइलही मोजला जातो. फाइली कुणाच्याही सर्व्हरवर ठेवायच्या नसतील, तर सिंकथिंग हे मोफत सॉफ्टवेअर थेट एका कॉम्प्युटरवरून दुसऱ्यावर फाइली पाठवतं. त्यासाठी दोन्ही कॉम्प्युटर एकाच वेळी चालू असावे लागतात.

२. फोल्डर थोडे ठेवा. ‘चालू’, ‘झालेलं’ आणि ‘कागदपत्रं’ एवढे तीन बहुतेकांना पुरतात. फाइलच्या नावात तारीख सुरुवातीला लिहा, वर्ष-महिना-दिवस याच क्रमाने, म्हणजे यादी आपोआप कालक्रमाने लागते. नावात कोलन, प्रश्नचिन्ह किंवा तिरकी रेघ नको. मॅक किंवा लिनक्सवर चाललेलं असं नाव विंडोज स्वीकारत नाही आणि ती फाइल सिंक होताना, म्हणजे सगळ्या कॉम्प्युटरवर सारखी केली जाताना, अडकते.

३. आधी एकाच कॉम्प्युटरवर निवडलेल्या सेवेचं ॲप टाका. तिथून सगळं वर चढू द्या, ब्राउझरमध्ये उघडून खात्री करा, मगच दुसरा कॉम्प्युटर जोडा. दोन्हीकडचे जुने फोल्डर एकदम जोडले तर दुहेरी प्रतींचा ढीग होतो.

गुगल ड्राइव्हच्या ॲपमध्ये ‘स्ट्रीम’ आणि ‘मिरर’ असे दोन पर्याय असतात. स्ट्रीममध्ये फाइल उघडल्यावर खाली उतरते, त्यामुळे कमी डिस्कच्या लॅपटॉपला ते बरं. मिररमध्ये पूर्ण प्रत कॉम्प्युटरवर राहते. इंटरनेट वारंवार जात असेल तर मिररच घ्या, किंवा हव्या त्या फाइली ऑफलाइनसाठी निवडून ठेवा.

४. उठण्यापूर्वी चिन्ह बघा. सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. फाइल सेव्ह केली आणि लगेच लॅपटॉपचं झाकण मिटलं, तर बदल वर गेलेलाच नसतो. मग दुसऱ्या कॉम्प्युटरवर जुनीच फाइल उघडते, तिच्यातही बदल होतो, आणि सेवेला दोन्ही प्रती ठेवाव्या लागतात. नावात ‘कॉन्फ्लिक्ट’ असलेली प्रत दिसली तर ती घाईने पुसू नका. दोन्ही उघडा, वेगळा मजकूर एकीत आणा, मग दुसरी काढा. हे टाळायचं तर फाइल बंद करा, टास्कबारवरच्या ॲपच्या चिन्हावर सिंक पूर्ण झाल्याचं दिसू द्या, मगच उठा. दोघांना एकाच वेळी लिहायचं असेल तर गुगल डॉक्ससारखं ब्राउझरमधलं साधन वापरा.

सतत उघड्या राहणाऱ्या डेटाबेस फाइली या फोल्डरमध्ये ठेवू नयेत, मग ती हिशेबाच्या सॉफ्टवेअरची असो वा आउटलुकची ईमेल साठवणारी पीएसटी फाइल. अर्धवट लिहिलेली फाइल वर गेली तर ती खराब होऊ शकते.

५. यादी आणि पासवर्ड. कामांची यादी गुगल टास्क्स किंवा मायक्रोसॉफ्ट टू डू यांपैकी एकातच ठेवा. पासवर्डसाठी बिटवॉर्डनसारखा पासवर्ड मॅनेजर घ्या आणि मुख्य खात्याला दोन टप्प्यांची पडताळणी (पासवर्डनंतर आणखी एक खात्री, उदा. मोबाइलवरचा कोड) लावा. कॉम्प्युटर घरातले सगळे वापरत असतील तर प्रत्येकाचं विंडोज खातं वेगळं हवं.

६. सिंक म्हणजे बॅकअप नव्हे. एका ठिकाणी पुसलेली फाइल सगळीकडून जाते. गुगल ड्राइव्हच्या ट्रॅशमध्ये ती ३० दिवसच राहते. सिंकथिंगमध्ये जुन्या आवृत्त्या ठेवण्याची सोय स्वतः चालू करावी लागते. म्हणून महिन्यातून एकदा बाहेरच्या हार्ड डिस्कवर पूर्ण प्रत घ्या आणि डिस्क काढून ठेवा. जोडलेलीच राहिली तर व्हायरस तिच्यापर्यंतही पोचतो.

जुना कॉम्प्युटर कुणाला देताना क्रम पाळा: आधी ॲपमधून खातं काढा, मग फोल्डर पुसा. उलट केलंत तर उरलेल्या कॉम्प्युटरवरच्या फाइलीही पुसल्या जातील.